शास्त्रीय नावांची लॅटिन-ग्रीक फोड कशी करायची? (झाडांच्या पाट्यांसाठी)

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या करायच्या आहेत. एका पाटीवर चार ओळी: मराठी नाव, कन्नड नाव, रोमन लिपीत शास्त्रीय नाव, आणि त्या शास्त्रीय नावाचा अर्थ एका ओळीत मराठीत. पहिल्या तीन ओळी झाल्यात, चौथीवर गाडी अडलीय.

यादी अशी: वड (आलद), पिंपळ (अरळी), उंबर (अत्ती), चिंच (हुणसे), जांभूळ (नेरळे), फणस (हलसु), आंबा, काजू, साग (तेग), ऐन (मत्ती), बिवळा (होन्ने), करंज, आवळा, निलगिरी, पारिजातक. कुंपणाच्या कडेला कारवी आणि शतावरी.

तीन गोष्टी विचारायच्या होत्या. उंबर 'फायकस रॅसिमोसा', पण शतावरी 'अस्पॅरॅगस रॅसिमोसस'. शब्द एकच, मग शेपूट का बदलतं? दुसरं, अर्थ कुठवर ताणायचा? तिसरं, देवनागरीत उच्चार द्यावा की नको?

रानवाटा
पहिल्याचं उत्तर व्याकरणात आहे. पहिला शब्द म्हणजे प्रजातीचं (इंग्रजीत 'जीनस') नाव, ते नाम. दुसरा बहुतेक वेळा विशेषण. आपल्याकडे 'काळा बैल, काळी गाय, काळं वासरू' होतं तसंच लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगावर जातं. पुल्लिंगी '-अस', स्त्रीलिंगी '-आ', नपुंसकलिंगी '-अम'.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. 'सॅटायव्हस' म्हणजे पेरलेला, लागवडीचा. मुळा रॅफॅनस सॅटायव्हस, काकडी क्युक्युमिस सॅटायव्हस (दोन्ही पुल्लिंगी). भात ओरायझा सॅटायव्हा (स्त्री). लसूण ॲलियम सॅटायव्हम, कोथिंबीर कोरिअँड्रम सॅटायव्हम, अळीव लेपिडियम सॅटायव्हम (नपुंसक).

आता गोम. लॅटिनमध्ये झाडांची जुनी नावं '-अस'नं संपली तरी स्त्रीलिंगी असतात. झाडाला स्त्री मानायची परंपराच होती. म्हणून फायकस दिसायला पुल्लिंगी, पण विशेषण 'रिलिजिओसा', 'रॅसिमोसा'. चिंच टॅमॅरिंडस इंडिका, महाळुंग सिट्रस मेडिका, तीच तऱ्हा. शतावरी वेल पडली, अस्पॅरॅगस पुल्लिंगीच राहिला, म्हणून 'रॅसिमोसस'.

'रॅसिमस' म्हणजे घोस. उंबराच्या जुन्या खोडावर फळं घोसानं लगडतात ते बघितलं की मुलांना वेगळं काही सांगायला लागत नाही.

चोर्लाघाट
वडाचं 'बेंघालेन्सिस' मात्र स्त्री-पुरुष दोघांना एकच चालतं. '-एन्सिस' म्हणजे अमुक ठिकाणचा किंवा ठिकाणची, आणि नपुंसकलिंगी झालं की '-एन्से'. एरिओकॉलॉन कोल्हापुरेन्से, डिपकॅडी कोंकनेन्से ही आपल्या जवळपासची उदाहरणं. पाटीवर बेंघालेन्सिसमधला 'एच' विसरू नका. वनस्पतींना अशी दोन शब्दांची नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये तो घालूनच लिहिलंय, आणि छापील पाट्यांवर सगळ्यात जास्त तोच गळतो.

वखारवाले_निपाणी
रानवाटा, तुमचा नियम धरला तर आमच्या तंबाखूचं काय करायचं? निकोटियाना स्त्रीलिंगी, मग 'टबॅकम' कसं? 'टबॅका' पाहिजे की.

रानवाटा
टबॅकम विशेषण नाही, स्वतंत्र नाम आहे. 'टबाको' या स्पॅनिश शब्दाला लॅटिन कपडे घातले, एवढंच. दुसरा शब्द नाम असला तर तो पहिल्याच्या लिंगाकडे बघत नाही, आपलं रूप धरून राहतो. त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या तंबाखूचं नाव निकोटियाना रस्टिका. 'रस्टिका' म्हणजे रानाशिवारातली, ते विशेषण, म्हणून निमूट स्त्रीलिंगी झालं. ही दोन नावं शेजारी लिहून दाखवली की फरक पक्का बसतो.

निकोटियाना हे नाव जाँ निको या फ्रेंच राजदूतावरून. तो १५५९ ते १५६१ लिस्बनला होता, तिथून त्यानं ही वनस्पती फ्रान्सच्या दरबारी पाठवली.

वखारवाले_निपाणी
असं आहे होय. मग बिडी पुरी करूया. आत निकोटियाना टबॅकम, बाहेर टेंभुर्णीचं पान, म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. 'मेलास' काळं, 'झायलॉन' लाकूड, दोन्ही ग्रीक. जुन्या टेंभुर्णीचा गाभा काळाकुळकुळीत निघतो, त्याचं वर्णन नावातच आहे. पानाचा धंदा करणाऱ्याला पान दिसतं, नाव ठेवणाऱ्यानं लाकूड बघितलं.

शेंगदाणा
भुईमूग विसरू नका. अरॅकिस हायपोजिआ. 'हायपो' खाली, 'गाया' जमीन. फूल वर येतं, आऱ्या जमिनीत घुसतात, शेंग खाली धरते. दुसऱ्या शब्दात सगळं पीक सांगून टाकलंय.

ग्रंथालय_टिळकवाडी
अर्थ काढायचा तर आधी शब्द ग्रीक की लॅटिन ते ओळखावं. एकाच अर्थाच्या दोन-दोन जोड्या असतात. मोठ्या फुलाचं लॅटिनमध्ये 'ग्रँडिफ्लोरा', ग्रीकमध्ये 'मॅक्रँथा'. रुंद पानाचं लॅटिन 'लॅटिफोलिया', ग्रीक 'प्लॅटिफिला'. पांढऱ्याला लॅटिन 'आल्बा', ग्रीक 'ल्युको-'. तांबड्याला 'रुब्रा' आणि 'एरिथ्रो-'. पांगारा एरिथ्रिना आहे तो या एरिथ्रोसमुळे.

सांधा बघितला तरी कळतं. लॅटिन जोडशब्दात मधे बहुधा 'इ' येतो (अल्ब-इ-फ्लोरा), ग्रीकमध्ये 'ओ' (मेलॅन-ओ-झायलॉन).

लिंगाच्या नियमात आणखी तीन जागा अडचणीच्या आहेत. '-कार्पस' आणि '-अँथस' शेवट असलेली नावं पुल्लिंगी धरतात, मग ते झाड असलं तरी. म्हणून फणस आर्टोकार्पस हेटेरोफिलस, 'हेटेरोफिला' नव्हे. वड आणि फणस एकाच कुळातले, दोन्ही '-अस'नं संपणारे, तरी एक स्त्री आणि एक पुरुष. दुसरं, '-अँथेस' स्त्रीलिंगी, म्हणून कारवी स्ट्रोबिलँथेस कॅलोसा. तिसरं, ग्रीक '-मा'नं संपणारी नावं नपुंसक. सापकांद्याचं अरिसीमा 'आ'नं संपतं म्हणून कोणी 'सह्याद्रिका' लिहील, पण बरोबर नाव अरिसीमा सह्याद्रिकम.

कुंदा
फणसाचं 'हेटेरोफिलस' म्हणजे वेगवेगळ्या पानांचा. मोठ्या झाडाची पानं तर सगळी सारखीच की?

ग्रंथालय_टिळकवाडी
मोठ्या झाडाची अखंड असतात. बी लावून आलेलं रोप बघा, किंवा खोडालगत फुटलेले कोवळे धुमारे. त्यांची पानं खोल कातरलेली असतात, दोन-तीन भाग पडलेली. वरच्या फांद्यांवर गेली की अखंड होतात. एकाच झाडावर दोन तऱ्हा, म्हणून हे नाव. 'आर्टोस' भाकरी, 'कार्पोस' फळ. पाटीवर 'भाकरीफळ, पानं दोन तऱ्हेची' एवढं पुरे. शेजारी फणसाचं रोप लावलं तर पाटी तिथल्या तिथे तपासता येईल.

संस्कृतप्रेमी
हे शब्द परके वाटायचं कारणच नाही. सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी, कन्नडमध्ये गरिके. 'क्युऑन' कुत्रा म्हणजे श्वन्, 'ओडोन' म्हणजे दन्त. श्वदन्त! 'हेप्टा' सप्त, 'हायपो' उप, 'कार्डिआ' हृद्, 'एरिथ्रोस' रुधिर, लॅटिन 'सोम्नस' स्वप्न. अश्वगंधेचं विथानिया सोम्निफेरा: सोम्नस अधिक फेरो, आणि 'फेरो' म्हणजे भरति, वाहून आणणारी. झोप आणणारी. सगळं मूळ संस्कृतातून गेलंय.

ग्रंथालय_टिळकवाडी
जोड्या बरोबर आहेत, शेवटचं वाक्य नाही. श्वन् आणि क्युऑन ही बहिणीची लेकरं, एक दुसऱ्याच्या पोटचं नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन तिन्ही एका जुन्या भाषेतून फुटल्या. शाळेच्या पाटीवर 'संस्कृतातून आलेलं' लिहिलं तर मुलं तेच धरून बसतील.

खरोखर आपल्याकडून गेलेले शब्द वेगळे आहेत, आणि ते नातेसंबंधानं नाही, व्यापारानं गेले. उसाचं सॅकॅरम हे शर्करेवरून, ग्रीकांच्या तोंडून. आल्याचं झिंजिबर शृंगवेरावरून, प्राकृतातून. मिऱ्याचं पायपर पिप्पलीवरून. आवळ्याचं 'एम्ब्लिका' आमलकापासून अरबीमार्गे. तमिळ 'मांगाय'ला लॅटिन 'फेरो' लावून मँजिफेरा. करंजाचं पोंगॅमिया तमिळ 'पुंगम'वरून. चिंचेचं टॅमॅरिंडस तर अरबी 'तमर हिंद', हिंदचा खजूर.

संस्कृतप्रेमी
बहीण आणि उसनवारी वेगळी ठेवायची हे मान्य. मग देव आणि ग्रीक 'थिऑस'?

ग्रंथालय_टिळकवाडी
ते नुसतं दिसण्यातलं साम्य. थिऑसचा देवाशी संबंध नाही. लॅटिन 'देउस'चा आहे. आणि वर टेंभुर्णी आली तिच्यात 'डायोस' म्हणजे झ्यूसचा, तो मात्र आपल्या द्यौस्‌चा सख्खा.

वखारवाले_निपाणी
म्हणजे बिडीत द्यौस्‌पण आला. आता वखारीत अगरबत्ती लावायला पाहिजे.

कारवीचा_मध
मूळ यादीतली कारवी सगळ्यात जवळची आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. स्ट्रोबिलँथेस: 'स्ट्रोबिलॉस' शंकू, 'अँथोस' फूल. फुलोरा कळीत असताना पाइनच्या शंकूसारखा एकावर एक छदांचा दिसतो. सात वर्षांनी फुलते तेव्हा जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला मुलांना दाखवता येईल. 'कॅलोसा' म्हणजे घट्टे पडलेली, जाड कातडीची.

पण मुद्दा पुढचा आहे. १९४४ मध्ये ब्रेमेकँप या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं स्ट्रोबिलँथेसचे बरेच तुकडे केले, तेव्हा कारवीला स्वतंत्र प्रजाती दिली आणि तिचं नाव ठेवलं 'कार्व्हिया'. आपला मराठी शब्द जशास तसा शास्त्रीय नावात! हल्ली तिला पुन्हा स्ट्रोबिलँथेसमध्येच धरतात, त्यामुळे पाटीवर स्ट्रोबिलँथेस कॅलोसा लिहा आणि अर्थाच्या ओळीत 'पूर्वीचं नाव कार्व्हिया, कारवी या शब्दावरून' असं जोडा. मराठी शाळेत ही ओळ असायलाच पाहिजे.

सडा_पठार
पठारावरची नावं तर वाचत बसावीत. ड्रॉसेरा 'ड्रोसॉस' म्हणजे दव यावरून, पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलॅरिया, 'युट्रिक्युलस' छोटी पिशवी. ती पिशवी फुलात शोधू नका, ओल्या मातीतून रोप अलगद सोडवून पाण्यात धुतलं की मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे दिसतात, भिंगानं बघावे लागतात. त्यांतच कीटक अडकतात. गेंदाचं एरिओकॉलॉन म्हणजे लोकर अधिक देठ. कंदीलपुष्पाचं सेरोपेजिया, मेण अधिक कारंजं. तेरड्याचं इम्पेशन्स म्हणजे अधीर, पिकलेल्या बोंडाला बोट लावा, लगेच उत्तर मिळतं.

आणि हबार्डिया हेप्टान्युरॉन हे गवत. 'हेप्टा' सात, 'न्युरॉन' शिर. १९१९ मध्ये गेरसोप्प्याच्या धबधब्याजवळ गोळा केलं होतं, पुढे ते नष्ट झालं असं धरून चालले, आणि मग आपल्या तिलारी घाटात सापडलं.

कुंदा
माणसांच्या नावांचं काय? 'टॅल्बोटाय'मध्ये शेवटी दोन 'आय' आणि 'हुकेराय'मध्ये एक, हे कसं ठरतं?

रानवाटा
पुरुषाचं आडनाव व्यंजनानं संपलं तर दोन 'आय': टॅल्बोट, डाल्झेल, लॉ यांची डाल्झेलाय, लॉवाय वगैरे नावं दोन 'आय'ची. '-अर' (ई-आर) शेवट असला तर एकच: हुकेराय. (रोमन 'ए' सोडून) स्वरानं किंवा 'वाय'नं संपलं तरी एकच: अरिसीमा मुरायाय. ही सगळी षष्ठी, 'टॅल्बोटचा' अशी. म्हणून प्रजातीचं लिंग बदललं तरी ती बदलत नाहीत. टॅल्बोट मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होता, उत्तर कानड्यात त्याचं बरंच काम, त्याच्या नावाचा फायकस टॅल्बोटाय आपल्या घाटात आहे.

जांभळाच्या 'क्युमिनी'लाही षष्ठीचाच नियम. सिझिजियम नपुंसक आहे म्हणून 'क्युमिनम' करू नका.

मत्तीचा_डिंक
यादीतल्या सागाबद्दल. सगळीकडे 'टेक्टोना म्हणजे ग्रीक टेक्टॉन, सुतार' असं लिहितात. मला ते अर्धंच पटतं. मल्याळी 'तेक्कु', पोर्तुगीज 'तेका', आपल्या शेजारचं कन्नड 'तेग', हे सगळे आवाज समोर असताना फक्त ग्रीक सुतार कशाला आणायचा?

ग्रंथालय_टिळकवाडी
दोन्ही बसतात, म्हणून दोन्ही लिहा: 'दक्षिणेतल्या तेक्कु-तेग या नावावरून, ग्रीकमध्ये टेक्टॉन म्हणजे सुतार.' (टेक्टॉन आणि तक्षन् मात्र खरोखर बहिणी.) 'ग्रँडिस' म्हणजे मोठा.

चोर्लाघाट
दुसऱ्या प्रश्नावर माझं मत थोडं कडक आहे. नावाचा अर्थ म्हणजे झाडाबद्दलचं खात्रीचं विधान नव्हे. सिला पेरुव्हियाना ही भूमध्य समुद्राकडची वनस्पती, पेरूशी काही संबंध नाही, पण नाव चालूच आहे. नामकरणाच्या संहितेत स्पष्ट आहे की अर्थ चुकीचा किंवा गैरलागू आहे एवढ्यावरून नाव बदलता येत नाही. 'ऑक्सिडेंटाले' म्हणजे पश्चिमेकडचं, काजूला ते शोभतं कारण तो अमेरिकेतून आला, पण चंदगड-खानापुरातल्या मुलाला काजू पश्चिमेकडचा कसा हे सांगावं लागणार. त्याचं ॲनाकार्डियम हे नाव आधी औषधवाले बिब्ब्याला वापरत, हृदयासारखी बी म्हणून. बिब्ब्याच्या सेमेकार्पस ॲनाकार्डियममध्ये ते अजून शिल्लक आहे. म्हणून ओळीत 'नावाचा शब्दार्थ' असं लिहावं, 'कारण' लिहू नये.

शेंगदाणा
अनुमोदन.

सडा_पठार
एक अपवाद. २०२४ च्या माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत 'काफ्रा'सारखी आफ्रिकी लोकांना अपमानकारक विशेषणं बदलून 'आफ्रा' करायचं ठरलं. एरिथ्रिना काफ्राचं एरिथ्रिना आफ्रा. पण ते चुकीच्या अर्थासाठी नव्हे, अपमानासाठी.

संकेश्वरी
स्पेलिंगसाठी एक सूचना. संकेश्वरी असो की ब्याडगी, मिरची कॅप्सिकम ॲन्युअम, शेवटाला यू-यू-एम. एक 'यू' सोडला की विशेषणाचं वेगळंच नाम होतं. लिंबाच्या 'ऑरँटीफोलिया'त दोन 'आय', बेहड्याच्या 'बेलिरिका'त 'एल'नंतर 'आय'. छापायला देताना रंगाऱ्याला मजकूर तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरात टाईप करून द्या आणि पहिला नमुना अक्षर न् अक्षर लावून बघा.

पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द सगळा लहान, दोन्ही तिरपे. नाव ठेवणाऱ्याचा 'एल.' (म्हणजे लिनियस) टाकणार असाल तर तो सरळ. पत्र्यावर हातानं रंगवताना तिरपं जमत नसेल तर नावाखाली रेघ ओढतात, तेही चालतं.

कुंदा
उच्चार द्यावा. मुलं नाव वाचणार कशी?

मत्तीचा_डिंक
द्या, पण एकच पद्धत धरा. लॅटिन आज कोणाची मायबोली नाही, इंग्रजी वळणानं म्हणणारे 'फायकस' म्हणतात, युरोपातले 'फिकुस'. आपल्याकडच्या कॉलेजांत पहिलं रूढ आहे, तेच ठेवा. मग 'सी-एच'चा क (अरॅकिस), सुरुवातीच्या 'एक्स'चा झ (जांभ्याचं झायलिया झायलोकार्पा), सुरुवातीच्या 'पी-टी'मधला प गिळायचा, म्हणून बिवळा टेरोकार्पस. 'टेरॉन' पंख, 'कार्पोस' फळ. शेंग गोल चपटी, भोवती पापडासारखी झालर. 'मार्सुपियम' म्हणजे थैली, ते नाम आहे, म्हणून '-अम'.

पाटी खिळ्यानं ठोकू नका. पाण्याच्या नळीच्या तुकड्यातून जस्ताची तार ओवून, मधे स्प्रिंग टाकून सैल बांधा आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर तपासा. घट्ट तार दोन-तीन वर्षांत सालीत रुतते. खानापुरातल्या पावसात फ्लेक्सची अक्षरं टिकत नाहीत, ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. कारवीला आणि शतावरीला तार नकोच, जमिनीत खुंटी.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. चौथी ओळ अशी केलीय, चूक असेल तर सांगा.

पिंपळ: पवित्र अंजीर. उंबर: घोसानं फळणारं अंजीर. चिंच: हिंदचा खजूर. जांभूळ: जोडीनं असलेली (पानं). आंबा: 'मांगाय' देणारा, भारतातला. आवळा: पानावर फूल, आमलक. पारिजातक: रात्री फुलणारं, उदास झाड. निलगिरी (टेरेटिकॉर्निस): नीट झाकलेली, गोल शिंगाची. ऐन: फांदीच्या टोकाला (पानं), लोकरी. करंज: पुंगम, पिसासारखं (पान).

रानवाटा
ऐनाचं सोडून बाकी ठीक. 'टोमेंटोसा' म्हणजे लोकरी, ते जुन्या पुस्तकांतलं नाव. हल्ली टर्मिनॅलिया एलिप्टिका घेतात, मग अर्थ 'लंबवर्तुळाकार' होईल. तिसऱ्या ओळीत एक नाव आणि चौथीत दुसऱ्याचा अर्थ असं होऊ देऊ नका. निलगिरीच्या पाटीशेजारी गळलेल्या कळ्यांच्या टोप्या ठेवा. 'नीट झाकलेली' ती टोपी, आणि 'शिंग'ही तीच.

चोर्लाघाट
करंजाचं 'पिनाटा' बरोबर. जांभळाच्या ओळीत 'जोडीनं जुंपलेली' करा. 'सिझिगॉस' म्हणजे एका जुवाला जुंपलेले.

मलप्रभाकाठ
दोन्ही बदल केले. ऐनाला एलिप्टिका. नमुन्याचा पत्रा उंबराचाच करून घेतो, तो तपासून मग बाकीचे छापायला देतो.